पाचाच्या बटणावरचा ठिपका

माझ्या आईच्या कमरेला चष्म्याचे एक घर लटकलेले असते. त्यात चष्मा नसतो. त्यात असतो मुठीत सहज मावणारा, राखाडी रंगाचा, वीस वर्षांहून जुना एक फोन. हे घर तिच्या कमरेला कसे आले ते सांगायचे, तर आधी मला माझी एक चूक सांगावी लागेल; आणि चूक सांगायची, तर त्याही आधी त्या फोनविषयी बोलावे लागेल.

तो मी माझ्यासाठी घेतला होता. नगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागले, शहरातल्याच सावेडीत एक खोली घेऊन राहू लागले, त्या वर्षी. त्या काळी फोन जितका लहान, तितकी त्याची मिजास मोठी. हा तर तळहाताच्या मधल्या रेघांवर आडवा झोपायचा. त्याचा पडदा टपालाच्या तिकिटाहून थोडा मोठा आणि त्यातला उजेड कोवळ्या काकडीच्या गरासारखा, फिकट हिरवा. बटणे रबराची, मक्याच्या दाण्यांसारखी एकमेकांना चिकटून बसलेली. दाबले की दाणा आत जाई, बारीकसा ‘टिक’ होई आणि बोटाला कळे की आपले म्हणणे पोचले. काचेच्या फोनवर बोट फिरवताना मला आजही त्या ‘टिक’ची आठवण येते. होकार देणारी वस्तू आणि गप्प राहणारी वस्तू, यांत केवढे अंतर असते!

त्याचे दोषही मला पहिल्याच आठवड्यात कळले. त्याला मराठी अक्षरे ठाऊक नव्हती. माझ्या ओळी मला रोमन लिपीत लिहाव्या लागत, आणि आपल्याच माणसाला परक्याचा सदरा घालून उभे केल्यासारखे वाटे. एका निरोपात एकशेसाठ अक्षरे मावत. निरोपांची पेटी भरली की जुना पुसल्याशिवाय नवा आत येत नसे. मी कवितेच्या ओळी त्यातच टिपून ठेवत असे, त्यामुळे कोणती ओळ जगवायची आणि कोणती जाऊ द्यायची, हा निवाडा मला रोज करावा लागे. तो शहाणपणा त्या अडचणीने मला दिला, हे मान्य केलेच पाहिजे. बोलणाऱ्याचा आवाज त्यातून पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा येई. पण एकदा चार्ज केला की तो पाच दिवस चाले. आणि जिन्यावरून पडला तर त्याचे तीन तुकडे तीन दिशांना जात आणि ते पुन्हा जोडले की काही झालेच नाही अशा थाटात तो उजळे.

वडील गेले त्या वर्षी मी तो आईला दिला. नेवाशात आमचे दोन खोल्यांचे घर आहे. पुढे अंगण, अंगणात धुण्याचा दगड, पलीकडे दुसऱ्याचा ऊस. तिथे ती एकटी राहू लागली. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण आकडे तिचे पक्के होते. तिला बटणे शिकवताना मी तिचे बोट पाचाच्या बटणावर ठेवले. त्या एका बटणावर एक उंच ठिपका असतो.

“हा पाच. ह्याच्या वर दोन, खाली आठ. डावीकडे चार, उजवीकडे सहा.”

तिने ठिपका चाचपला. “म्हंजी ह्यो गावातला पार हाय म्हन की. बाकीची घरं त्याच्या भवती.”

मी आयुष्यभर उपमा शिकवत आले आहे. इतकी नेमकी उपमा मला वर्गात एकदाही सुचलेली नाही.

पुढे तिला काचबिंदू झाला. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली थेंब घालून जपायची. आधी कडा गेल्या, मग मधले जग आक्रसत गेले. आता तिला उजेड आणि सावली एवढेच कळते. पण तोवर तिच्या बोटांना ते गाव पाठ झाले होते. दोनचे बटण दाबून धरले की मला फोन लागे. तीनचे दाबून धरले की सावेडीतच राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला. ज्यांना वारंवार फोन करायचा त्यांचे दहा आकडे तिला तोंडपाठ होते. घरात ती हातातला पेला न सांडता वावरे. रविवारी विहारात वंदना तीच सांगते. साऱ्या बाया तिच्यामागून म्हणतात. तिथला तिसरा खांब ही तिची जागा.

आमच्या घरात फोन करण्याची एक रीत पडून गेली होती. रोज सकाळी सात वाजता, चहा झाला की, ती मला दोन रिंग देई. मी कॉल कापी. तिची रिंग म्हणजे ‘मी बरी आहे’, आणि माझे कापणे म्हणजे ‘कळले’. फोन उचलणे हा आमच्याकडे उधळेपणा समजला जाई. ही रीत पडली तेव्हा तिला कारण होते, बोलण्याला मिनिटामागे पैसे पडत. कारण निघून गेले तरी रीत राहिली.

त्यात त्या फोनचा सर्वांत मोठा दोष मिसळला. आई तो कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीत ठेवी. तो एवढा लहान, बटणे एवढी उघडी, की ती वाकली, बसली, की एखादे बटण आपोआप दाबले जाई आणि आम्हांला फोन लागे. मी उचलायची तेव्हा ऐकू येई ते बांगड्यांचे किणकिणणे, शेळीचे ओरडणे, पावलांखाली चुरचुरणारा पाचोळा. भाऊ म्हणे, “आज आईची पिशवी बराच वेळ बोलली.” बटणांना कुलूप लावण्याची सोय फोनमध्ये होती. आईने ती साफ नाकारली. “हाक मारायच्या टायमाला कुलूप काढत बसू व्हय?” म्हणून आम्ही दोघे बहीण-भाऊ भलत्या वेळी आलेला तिचा प्रत्येक फोन पिशवीचा समजून कापू लागलो.

आता चूक.

गेल्या हिवाळ्यात, एका सकाळी अकराच्या सुमारास, मी वर्गात होते. टेबलावरचा माझा फोन थरथरला. आईचा. मी बोलता बोलताच कापला. तो पुन्हा थरथरला. मी पुन्हा कापला, आणि विद्यार्थ्यांना हसून म्हणाले, “पिशवी आहे.” त्यांना काही कळले नाही, तरी तेही हसले.

त्या वेळी आई अंगणातल्या धुण्याच्या दगडाजवळ पडलेली होती. साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला होता. उजवे मनगट अंगाखाली, एक पाय मुरगळलेला. तिने हाका मारल्या, पण पलीकडच्या उसात मोटर चालू होती. तिने डाव्या हाताने पिशवी सोडवली, मला दोनदा लावला, भावाला एकदा. तिन्ही वेळा आम्ही कापला. मग तिने शेजारच्या काकूंचा नंबर एकेक बटण चाचपत लावला, आणि त्या धावत आल्या.

हे मला दुपारी काकूंच्या फोनवरून कळले. मी मिळेल त्या बसने नेवाशाला गेले. आई खाटेवर होती, मनगटाला घट्ट पट्टी, खोलीत मलमाचा उग्र वास. हाड मोडले नव्हते. मी तिच्या पायाशी बसले.

तीच म्हणाली, “पिशवी लागली आसंल वाटलं आसंल तुला.”

तिने मला रागवायला हवे होते. तिने माझी बाजू घेतली, आणि ते मनाला फार लागले.

“मग काकूंचा नंबर कसा लावलास?”

“पार धुंडाळला,” ती म्हणाली. “लई झिजलाय गं. बोटाला लागंना. शेवटी नखाला लागला.”

मी फोन हातात घेतला. खरोखर, पाचाच्या बटणावरचा ठिपका जवळजवळ सपाट झाला होता. फोनला खोबरेल, मिसरी आणि ओल्या कापडाचा वास येत होता. पाठीमागचे झाकण नीट बसत नव्हते. आतली बॅटरी फुगली होती.

संध्याकाळी भाऊ आला. त्याच्या हातात नवा मोठा फोन होता, काचेचा. घाबरलेला माणूस जसा मोठ्याने बोलतो तसा तो बोलत होता.

“बास झालं आता. आई सावेडीला यायची. आमच्याकडं जागा हाय. न्हायतर हा फोन शिकायचा. ह्यो बोलतो, वाचून दाखवतो.”

आईने डाव्या हाताने तो फोन घेतला आणि काचेवरून बोटे फिरवली. वरून खाली. खालून वर. फोनने काहीतरी चालू केले, काहीतरी बंद केले, शेवटी एक गाणे लावले.

“ह्याला दार कुठशी हाय?” तिने विचारले. “समदीकडून गुळगुळीत. आरशाला चाचपावं तसं.”

“सवय व्हईल गं.”

“आन तुझ्याकडं? तिसऱ्या मजल्यावर?”

“तिथं सगळं हातात मिळंल तुला.”

“त्येच तर.” आईने तो फोन खाटेवर ठेवला. “हितं मला नुसतं दिसत न्हाई, लेका. सावेडीत मी आंधळी व्हईन.”

भावाने माझ्याकडे पाहिले. त्याची चूक नव्हती. माझ्याइतकाच तोही त्या तीन कापलेल्या कॉलांखाली दबला होता. आम्ही अंगणात जाऊन बोललो. त्याचे म्हणणे सरळ होते: हा जुना डबा आज ना उद्या बंद पडणार, बॅटरी फुगलीच आहे, आणि तो बंद पडला की आईच्या हातात काहीच नाही. शेवटी ठरले ते असे, की महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत काकू रात्री सोबतीला येतील. त्या रविवारी आईने त्याच्यासमोर, याच फोनवरून, न चुकता त्याला हाक मारून दाखवायची. जमले तर ती राहील. नाही जमले तर तिचे कपडे त्याच दिवशी गाडीत.

“आणि पिशवीतून लागणारे फोन बंद,” तो म्हणाला. “खरा कुठला आन खोटा कुठला, कळलं पाहिजे, ताई.”

मला तीन आठवडे मिळाले होते. मी कामाला लागले.

पहिला आठवडा बॅटरी शोधण्यात गेला. नगरच्या बाजारपेठेतल्या दुकानांत मी तो फोन काउंटरवर ठेवी आणि पोरे एकमेकांना बोलावून तो दाखवत. “मॅडम, ह्याच्यावर तो सापाचा खेळ हाय का अजून?” एकाने त्याचा फोटो काढला. एकाने दुसऱ्याच मापाची बॅटरी कागदाची घडी घालून बसवून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणाले. माझ्या स्वभावात एवढा चिवटपणा आहे हे मला ठाऊक नव्हते; दुपारची उन्हे डोक्यावर घेत मी दारोदार एकच वाक्य म्हणत होते, “बदलायचा नाही. हाच चालू करायचा आहे.”

सहाव्या की सातव्या दुकानात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. एका डोळ्याला भिंग लावून ते काहीतरी जोडत होते. त्यांनी फोन पाहिला आणि तो हातात घेण्याआधी हात पुसले.

“कोणाचा?”

“आईचा. तिला दिसत नाही.”

त्यांनी अधिक विचारले नाही. मागचा एक खण ओढला. त्यात मेलेल्या फोनांचे अवयव होते: झाकणे, कानाच्या जाळ्या, बटणांच्या पट्ट्या. त्यातून त्यांनी त्या मापाच्या तीन बॅटऱ्या काढल्या, एकेक तपासली, दोन चांगल्या निघाल्या. “दुसरी कोरड्या जागी ठेवा,” ते म्हणाले. “मधून मधून चार्ज करत चला, न्हायतर रुसते.” बटणांची नवी पट्टी मात्र त्यांच्याकडे नव्हती. “पाचावरचा ठिपका तुम्हांलाच करावा लागेल, ताई.”

तो मी नेलपॉलिशने केला. नेवाशाच्या घरात, अंगणातल्या उजेडात, काडीच्या टोकावर एक थेंब घेऊन पाचाच्या मधोमध टेकवला. वाळू दिला. त्यावर दुसरा, मग तिसरा. आई शेजारी बसून वास घेत होती.

“कसला गं वास? दवाखान्यावानी.”

“गावात पार बांधतेय.”

वाळल्यावर तिने बोट ठेवले. मनगटाची पट्टी सुटली नव्हती, म्हणून डावेच. बोट ठिपक्यावर थांबले, वर गेले, खाली आले, परत ठिपक्यावर आले. तिचा चेहरा मी न्याहाळत होते. एखादी विसरलेली ओळ अचानक आठवावी तसा तो मोकळा झाला.

“उंच झाला थोडा,” ती म्हणाली. “पर ऱ्हाऊ दे. बसायला बरं पडंल.”

उरला पिशवीचा प्रश्न. फोनला कडक काहीतरी घर हवे होते, कुलूप नको आणि उघडे रानही नको. मी डबे, साबणदाण्या, सगळे लावून पाहिले. आई म्हणाली, “कपाटात माझ्या चष्म्याचं घर आसंल बघ. चष्म्याला तरी आता घर कशाला?” तिने हे इतक्या सहज म्हटले, की मी कपाटाकडे तोंड करून जरा जास्तच वेळ शोधत राहिले. फोन त्या घरात मापाने केल्यासारखा बसला. झाकण ‘खट्’ करून मिटले. आईला तो आवाज आवडला. काकूंनी त्याला जाड नाडी शिवून दिली. दोन आठवड्यांत एकदाही पिशवीचा फोन आला नाही.

शेवटच्या रविवारी भाऊ आला. वंदना आटोपून आई नुकतीच परतली होती, पांढऱ्या लुगड्याला उदबत्तीचा वास होता. काकूही उंबऱ्यात येऊन बसल्या. भाऊ खुर्ची ओढून समोर बसला आणि म्हणाला, “हं. लाव मला.”

“आधी तू लाव,” आई म्हणाली.

“मी?”

“मला तुझ्या काचंच्या फोनावर आणायला निघाला हुतास ना? मग डोळं मीट आन लाव मला त्याच्यावरनं.”

काकू म्हणाल्या, “मीट की रं. आईम्होरं लाजतो का?”

त्याने डोळे मिटले. अंगठ्याने फोन उघडला खरा, पण पुढे बोट काचेवर नुसते भटकू लागले. मी मान वळवून पाहत होते; त्याने काहीतरी उघडले, काहीतरी दाबले, आणि विजयाने फोन कानाला लावला. पलीकडून भारदस्त आवाज आला, “बोला. रविवारी काय काढलंत?”

भावाचे डोळे ताडकन उघडले. “साहेब! न्हाई साहेब... काय न्हाई. चुकून. ठेवतो साहेब.”

काकू हसून हसून उंबऱ्यातच आडव्या व्हायच्या राहिल्या. आई मात्र हसली नाही. तिने नाडी ओढून घर मांडीवर घेतले, ‘खट्’ करून उघडले. फोन हातात धरला. बोट ठिपक्यावर टेकले, तिथून वर दोनावर गेले, उजवीकडे तीनवर सरकले आणि तिथे दाबून राहिले. भावाच्या हातातली काच उजळली आणि वाजू लागली.

तो पडद्याकडे पाहत राहिला. फोन वाजत होता. आईने कान टवकारले.

“वाजतोय ना रं?”

“वाजतोय.”

“मग उचल की.”

तो तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. त्याने उचलला आणि कानाला लावला. आईने आपला फोन तोंडाजवळ नेला आणि त्याच्याच समोर, त्याच्याशी, पत्र्याच्या डब्यातल्या त्या आवाजात म्हणाली, “मी लावला तर हाय. तुमी उचलला न्हाई तर ह्यो बिचारा काय करील?”

फोनच्या गुणदोषांविषयी एवढे खरे बोल मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाहीत. त्या दिवशी धुण्याच्या दगडाजवळ त्याने आपले काम चारही वेळा चोख केले होते. तीन वेळा चुकलो होतो ते आम्ही.

आईचे कपडे गाडीत गेले नाहीत. नवा फोन भाऊ परत घेऊन गेला. निघताना त्याने स्वतःच्या बोटाने तो ठिपका एकदा चाचपून पाहिला. त्या दिवसापासून आमच्या घरातली जुनी रीत मोडली. आईचा फोन कापायचा नाही. वर्गात असो, बैठकीत असो, गाडीवर असो. थांबायचे आणि उचलायचे.

दुसरी बॅटरी माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ती चार्ज करते. अशा जुन्या फोनांना लागणारे नेटवर्क एक दिवस बंद होईल असे सगळे सांगतात. होईल तेव्हा मी पुन्हा दारोदार फिरेन. बटणे असलेले काहीतरी कुठेतरी असेलच, आणि ठिपका लावायला मला आता येते.

मागच्या आठवड्यात वर्गात एका कवितेच्या मध्यावर टेबलावरचा फोन थरथरला. ओळ अर्धी सोडून मी तो उचलला. साठ मुले गप्प झाली.

“काय गं आई?”

पलीकडे आधी नुसते अंगण होते: भांड्यात पडणारे पाणी, दूर चालणारी मोटर, तिचा श्वास.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “उचलतीस का बगत हुते.”

“उचलला.”

“बरं. शिकव आता.”

तिकडे झाकण ‘खट्’ करून मिटल्याचा आवाज आला. फोन बंद करायला मात्र ती विसरली होती. मी तो तसाच चालू टेबलावर ठेवला आणि उरलेली अर्धी ओळ जरा मोठ्याने म्हटली.